पुन्हा एकदा श्रवणबेळगोळ

दिवाळीचे वहीपूजन आटोपले, लाभपंचमीला पेढी पुन्हा उघडली, की आमच्या घरी सहलीची बैठक बसते. चिरंजीवांनी त्यासाठी एक यादीच करून ठेवली आहे. पाहून झालेल्या गावावर रेघ मारायची आणि पुढच्या गावाकडे वळायचे, असा त्यांचा शिरस्ता. राजस्थान झाले, केरळ झाले, हिमाचल झाले. मागच्या दिवाळीनंतर ही यादी वाचली जात असताना मातोश्री मध्येच म्हणाल्या, "मला बेळगोळला जायचंय."

"आजी, तुझं तर दोनदा झालंय की," चिरंजीव म्हणाले.

"दोनदा झालं. पण काम राहिलंय."

काम कसले, ते त्यांनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. वयोवृद्ध माणसाची इच्छा म्हणून मी होकार दिला खरा, पण मनात एक प्रश्न घोळत राहिला. आपल्या देशात पाहण्याजोग्या स्थळांना तोटा नाही. मग एखादे ठिकाण एकदा पाहून मन निवते आणि दुसरे ठिकाण पुन्हापुन्हा बोलावते, हे कशामुळे होत असावे?

आम्ही व्यापारी माणसे. हा प्रश्न आम्हांला अनोळखी नसावा. सांगलीला हळदीची अडत चालवणारे आमचे वडील, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू, ते नव्या दिवाणजीला पहिल्याच दिवशी सांगत, "पाटी वाचून माणूस एकदा येतो, माप पाहून पुन्हा येतो." स्थळांचेही असेच असते काय? कीर्ती ही पाटी झाली. तेथले माप कोणते?

काही वर्षांपूर्वी आम्ही एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. धुक्यातून वर येणारी दरी, पहाटेचा गारवा, साऱ्यांना आनंद झाला. मात्र खोलीचा जो दर ठरला होता तो पोहोचल्यावर वाढला, गरम पाण्याचे पैसे निराळे लागले, आणि कांदा-लसूण नसलेले जेवण आधी कबूल करूनही रात्री नऊ वाजता पुढे आले. आमच्या मातोश्री सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत. त्या दोन दिवस केळी आणि खाकऱ्यावर राहिल्या. तेथील दरीला मी आजही नावे ठेवणार नाही. पण पुन्हा तेथे जाण्याचे नाव घरात कोणी काढलेले नाही. त्या दरीवरून भांडण नव्हतेच, हिशेबावरून होते.

बेळगोळची गोष्ट निघाली की माझ्या मनात एक अपराधी भाव जागा होतो, तोही येथे सांगितला पाहिजे. तेथील महामस्तकाभिषेक साधारणतः बारा वर्षांनी होतो. 1981 साली मूर्तीच्या प्रतिष्ठापनेला हजार वर्षे झाली म्हणून मोठा सोहळा झाला. त्या वेळी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी केली होती. फेब्रुवारी महिना, म्हणजे सांगलीच्या बाजारात नव्या हळदीच्या आवकेचे दिवस. तरीही अण्णांनी आठ दिवस पेढी बंद ठेवून मातोश्रींना आणि सहा वर्षांच्या मला तेथे नेले. पुढे 1993 साली ते दोघे नातलगांच्या मोठ्या मेळ्याबरोबर पुन्हा गेले. 2006 साली अण्णांच्या प्रकृतीने साथ दिली नाही. 2018 च्या फेब्रुवारीत मात्र ते ठणठणीत होते. "जाऊया का?" त्यांनी दोनदा विचारले. पेढीचा कारभार तेव्हा माझ्या हाती होता. बाहेरगावचे व्यापारी सौद्याला उतरलेले, गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. मी म्हणालो, "अण्णा, या खेपेला जमत नाही. पुढच्या वेळी नक्की."

पुढची वेळ म्हणजे 2030. अण्णा 2021 साली गेले.

अभिषेकात दूध, नारळपाणी, उसाचा रस, चंदन यांच्याबरोबर हळदही असते. हळदीचे पाणी ओतले जाते तेव्हा ती करडी मूर्ती मस्तकापासून पायांपर्यंत क्षणभर पिवळी होते. जन्मभर हळद तोलणाऱ्या माणसाला ते दृश्य पुन्हा पाहावेसे वाटले, यात नवल काय? मी मात्र तेव्हा केवळ 'एकदा पाहिलेले' असा हिशेब केला.

असो. गेल्या जानेवारीत आम्ही निघालो. बेळगाव, हुबळी, दावणगेरे करीत पहिला मुक्काम चित्रदुर्गला केला. दुसऱ्या दिवशी तिपटूरवरून पुढे गेलो. तिपटूर ही सुक्या खोबऱ्याची नामांकित बाजारपेठ. दोन्ही बाजूंना माडांच्या बागा पाहून चिरंजीवांनी प्रथमच यादीतून डोके वर काढले आणि भाव काय असेल, असे विचारले. मला बरे वाटले. चन्नरायपट्टण मागे टाकले आणि काही वेळाने सपाट मुलखावर एक उघडा, गुळगुळीत खडकाचा डोंगर दिसू लागला. त्याच्या माथ्यावर भगवान बाहुबलींचे मस्तक आणि खांदे. मातोश्रींनी मोटार थांबवायला सांगितली. उतरल्या, हात जोडले आणि पुन्हा येऊन बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

श्रवणबेळगोळ हे कर्नाटकातील हासन जिल्ह्यातले लहानसे गाव. दोन टेकड्यांच्या मध्ये वसलेले. एक विंध्यगिरी, दुसरी चंद्रगिरी, आणि मधोमध दगडी पायऱ्यांची कल्याणी, म्हणजे पुष्करिणी. 'बेळगोळ' म्हणजे पांढरे तळे. गावाला नाव त्यावरूनच मिळाले. यात्रेकरू-निवासात खोली घेतली. पावती मिळाली, तिच्यावर जो आकडा होता तोच द्यावा लागला. संध्याकाळी पाच वाजता भोजनशाळेतून घंटा ऐकू आली. मातोश्रींसाठी काही सांगावे म्हणून मी उठलो, तर सांगण्याजोगे काही नव्हतेच. भात, सांबार, भाजी, ताक, सारे दिवस मावळण्यापूर्वी तयार. कोणाची विशेष विनंती नाही, कोणाचे उपकार नाहीत. परक्या गावी आपल्या घरच्यासारखे ताट समोर यावे, हे सुख लहान नव्हे. प्रवासाला निघालेल्या आपल्या कुटुंबांचा निम्मा जीव ताटातच अडकलेला असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही विंध्यगिरीकडे गेलो. खडकात कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढायच्या. ऊन चढले की खडक तापतो, म्हणून पायथ्याशी मोजे विकायला असतात. डोलीची सोय आहे. मातोश्रींनी डोलीकडे पाहिले आणि मान हलवली. "माझं ओझं कुणाच्या खांद्यावर नको. मी खालीच बसते. तुम्ही जाऊन या." सौ. त्यांच्याजवळ थांबली. मी आणि मुले वर गेलो.

एका अखंड शिळेत कोरलेली, सुमारे 57 फूट उंचीची ती उत्तराभिमुख मूर्ती. गंग राजांचा मंत्री आणि सेनापती चामुंडराय याने दहाव्या शतकाच्या अखेरीस ती घडवली. पायांजवळ वारुळे, मांड्यांवरून आणि बाहूंवरून चढत गेलेल्या वेली. वर्षभर निश्चल उभे राहिलेल्या तपस्व्याची ही खूण. जिंकलेले राज्य भावाला परत देऊन निघून गेलेला हा पुरुष. आपल्यापैकी प्रत्येकाला ही कथा पाठ आहे. भावाभावांच्या वाटण्यांतून ज्यांची घरे आणि पेढ्या गेल्या, त्यांना तर ती अधिकच.

परंतु माझे लक्ष या खेपेला पायांशी गेले. तेथे बाजूच्या दगडावर नागरी अक्षरांत एक ओळ कोरलेली आहे. 'श्रीचामुंडराजें करवियलें'. चामुंडरायाने ही करविली, एवढाच अर्थ. मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांत तिची गणना होते. हीच हकीकत तेथे कानडीत आणि तमिळमध्येही कोरलेली आहे. पुढे बाराव्या शतकात होयसळांचा सेनापती गंगराज याने मूर्तीभोवतीचा प्राकार बांधला. त्याचीही नोंद मराठीत आहे.

मुले ती ओळ वाचू लागली. "इथं मराठी कशी?" कन्येने विचारले. विद्वान काय सांगतात ते सांगोत, मला मात्र दुकानदाराचे एक साधे उत्तर सुचले. ज्या गिऱ्हाइकाची वाट पाहायची, त्याच्या भाषेत पाटी लिहावी लागते. कानडी मुलखाच्या मध्यभागी मराठी ओळ कोरणाऱ्यांनी मराठी माणूस येथे येईल, वाचील, हे धरूनच ती कोरली असली पाहिजे. शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी आपली वाट पाहत होते, हे कळल्यावर चिरंजीव थोडे गंभीर झाले. त्यांनी मोबाईलवर छायाचित्र घेतले, ते मूर्तीचे नव्हे, त्या ओळीचे.

परतताना प्राकाराबाहेर गुळ्ळेकायी अज्जीची लहानशी प्रतिमा पाहिली. कथा अशी सांगतात, की चामुंडरायाने पहिल्या अभिषेकासाठी विपुल दूध आणविले. पण कितीही ओतले तरी ते मूर्तीच्या नाभीखाली उतरेना. तेव्हा एक वृद्धा गुळ्ळेकायी नावाच्या फळाच्या करवंटीत थोडेसे दूध घेऊन आली. तिने ते ओतले, आणि तेवढे दूध पायांपर्यंत पोहोचून डोंगरावरून वाहत गेले. सेनापतीचा गर्व उतरला. कोणी तिला कूष्मांडिनी देवी मानतात. एवढी मोठी मूर्ती उभारणाऱ्यांनी तिच्यासमोर या म्हातारीलाही जागा दिली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्या क्षेत्राने आपल्या वैभवाइतकीच ती करवंटी जपून ठेवली आहे.

खाली आलो तेव्हा मातोश्री कल्याणीच्या काठाजवळ बसल्या होत्या. मांडीवर एक कापडी पिशवी. घरून निघाल्यापासून ती त्यांनी कोणाच्या हाती दिली नव्हती. मी विचारले, "आई, आता सांगशील काय काम आहे ते?"

मग त्यांनी जे सांगितले ते मी तोवर ऐकले नव्हते.

1981 च्या त्या गर्दीत, तंबूच्या वस्तीत, दुसऱ्या रात्री मला सणसणून ताप भरला. अण्णा आणि बाकीची पुरुषमंडळी दूर कोठे रांगेत अडकलेली. मातोश्री मूळच्या फलटणच्या. त्यांना कानडीचा एक शब्द येत नव्हता. मला कडेवर घेऊन त्या गावाच्या गल्लीत शिरल्या आणि एका घराच्या ओट्यावर बसून राहिल्या. दार उघडून एक बाई बाहेर आली. तिने मुलाच्या कपाळाला हात लावला आणि काही न विचारता दोघांना आत घेतले. रात्रभर कपाळावर ओल्या कापडाच्या घड्या ठेवल्या, पहाटे भाताची पेज दिली. दोघी बायका एकमेकींची भाषा न कळता एका खोलीत रात्रभर जाग्या राहिल्या. सकाळी ताप उतरला. निघताना मातोश्रींनी पैसे पुढे केले. त्या बाईने त्यांची मूठ मिटवली आणि बाहेरपर्यंत पोहोचवायला आली.

"नाव काय तिचं?"

"तेच विचारायचं राहिलं. दारात पारिजातक होता, एवढं आठवतं. 1993 ला आले, तर घरचे वीसजण बरोबर. सकाळी अभिषेक, दुपारी बस. कुणाला सांगू? पुढं तुझे अण्णा आजारी पडले. मग..." त्या थांबल्या. 2018 चे त्यांनी तोंडाने म्हटले नाही. "कुणाचं ठेवायचं नाही, असं तुझे अण्णा म्हणायचे. हे एक राहिलंय."

पिशवीत आमच्या पेढीवरची हळद होती. अण्णांच्या वेळच्या पद्धतीने निवडून, दळून, लहान लहान पुड्या बांधलेली.

माझ्या वह्यांत कोणाचे देणे थकलेले नाही, असा मला अभिमान आहे. हुंडीची तारीख मी कधी चुकवली नाही. आणि माझ्याच नावावरचे हे देणे चाळीसहून अधिक वर्षे माझ्या आईच्या मनात उभे होते. मला त्याचा पत्ता नव्हता.

आम्ही गल्ल्या हिंडलो. चाळीस वर्षांत गाव बदलले आहे. कौलांच्या जागी स्लॅब आला, ओटे गेले, पारिजातक कोठेच दिसला नाही. दोनदा मातोश्री एका दारापुढे थांबल्या आणि पुन्हा पुढे चालू लागल्या. शेवटी एका घरातून पन्नाशीच्या बाई बाहेर आल्या आणि आम्ही काय शोधतो ते विचारू लागल्या. माझे कानडी पेढीवरचे, भावतावापुरते. त्याच मोडक्या कानडीत मी सारी हकीकत सांगितली. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले. मग त्या हसून म्हणाल्या, की त्या वर्षी त्या लहान होत्या, पण त्यांना चांगले आठवते. गल्लीत एकही घर रिकामे नव्हते. प्रत्येक घरी कोणी ना कोणी यात्रेकरू झोपलेला होता. तुमची बाई कोणती, हे कसे सांगावे?

मी हे मातोश्रींना सांगितले. त्या काही वेळ गल्लीकडे पाहत राहिल्या. मला वाटले, त्या निराश झाल्या. पण त्यांनी पिशवी उघडली, पहिली पुडी त्या बाईंच्या हातावर ठेवली, आणि शेजारच्या दाराकडे वळल्या. तिसऱ्या दारापाशी कन्या पुढे झाली आणि तिने आजीचा हात धरला. गल्लीच्या टोकापर्यंत पुड्या संपल्या. एका घरी ताक प्यायला बसवले, एका घरी नारळ हातात दिला. हिशेब फिटण्याऐवजी पुन्हा वाढला, असे मी म्हणालो, तेव्हा मातोश्री कितीतरी दिवसांनी मोकळेपणी हसल्या.

त्या संध्याकाळी त्यांना भांडारी बस्तीत नेले. होयसळ राजा नरसिंह याचा भांडारी हुळ्ळ याने 1159 साली ती बांधविली. तेथे चोवीस तीर्थंकर एका ओळीत उभे आहेत. पायऱ्या नाहीत, चढ नाही. मातोश्री ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेल्या. बांधणारा खजिनदार होता हे ऐकून म्हणाल्या, "तुझ्या अण्णांना आवडलं असतं." त्या प्रवासात अण्णांचे नाव आम्ही दोघांनी मोकळेपणाने घेतले ते तेव्हाच.

वाचकहो, प्रारंभी जो प्रश्न मांडला त्याचे उत्तर मला जे मिळाले ते असे. आपण एखाद्या स्थळी प्रथम जातो ते तेथील भव्यतेच्या ओढीने. परत जातो ते तेथे कोणी आपल्याला माणूस म्हणून वागवले, त्याच्या आठवणीने. ठरलेला दर, वेळेवरचे ताट, आपल्या भाषेतली एक ओळ, तापलेल्या कपाळावरचा हात, ही सारी त्या अज्जीच्या करवंटीतली दुधाची धार आहे. मोठ्या घागरी नाभीपर्यंत पोहोचतात, त्यापुढे हीच धार पोहोचते.

आपल्यातील कित्येक घरे आज यजमानही आहेत. कोणी धर्मशाळेचे विश्वस्त, कोणाचे यात्रास्थळी हॉटेल, कोणाचे बसथांब्यासमोर दुकान. नवी इमारत, संगमरवरी फरशी, विद्युत रोषणाई यांसाठी आपण सढळ हाताने देतो, ते योग्यच. पण खोलीत पिण्याचे उकळलेले पाणी आहे काय, वृद्धांना तळमजल्याची खोली मिळते काय, फलकावर पाहुण्याच्या भाषेत चार शब्द आहेत काय, आणि खिडकीवरचा माणूस त्रासिक मुद्रेने बोलत नाही ना, हेही विश्वस्तांच्या सभेत विचारले जावे. त्याला फार पैसा लागत नाही.

आणि घरच्या बैठकीत यादी वाचताना एक प्रश्न आधी वडीलधाऱ्यांना विचारावा: पुन्हा कोठे जावेसे वाटते? उत्तर आले तर त्याला हंगामाची सबब सांगू नये. मी सांगितली होती.

परतीच्या वाटेवर चिरंजीवांनी यादी काढली. श्रवणबेळगोळवर रेघ मारतील असे मला वाटले. त्यांनी तेथे '2030' असा आकडा लिहिला आणि आजीला दाखवला. मातोश्रींनी चष्मा लावून तो वाचला.

"तेवढं कशाला थांबायचं?" त्या म्हणाल्या. "पुढच्या जानेवारीत या गल्लीच्या पलीकडच्या गल्लीत जाऊ. पारिजातक तिकडंही असेल."